पोस्टवरून धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा: उच्च न्यायालयात तो रद्द होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धाकटा भाऊ अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर बीड जिल्ह्यात. गावातल्या मिरवणुकीच्या व्हिडिओखाली त्यानं फेसबुकवर लिहिलं, “देवाच्या नावानं वर्गणी गोळा करायची आणि सगळी डीजेवर उडवायची. असल्या मिरवणुकीनं कुठला देव पावणार आहे?” मंडळाच्या एका कार्यकर्त्यानं फिर्याद दिली. भारतीय न्याय संहितेची कलमं २९९ (धार्मिक भावना भडकवणारा अपमान), १९६ (समूहांत शत्रुत्व वाढवणं) आणि ३५३(२) (खोटी माहिती, अफवा पसरवणं) लागली. ठाण्यात हजर राहण्याची नोटीस आली आणि घाबरून त्यानं कमेंट डिलीट केली. आता गुन्हा रद्द होईल का, किती वेळ लागेल आणि माफी मागितली तर मिटेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी औरंगाबाद खंडपीठात फौजदारी काम करतो. अशी प्रकरणं हल्ली नियमित येतात आणि बहुतेक घरांतून हेच तीन प्रश्न याच क्रमानं विचारले जातात. एफआयआरची प्रत आणि मूळ कमेंट मी पाहिलेली नाही, तेव्हा पुढचं सगळं तुम्ही दिलेल्या शब्दांवर आधारलेलं आहे, हे धरून वाचा.

आधी अटकेचं बोलू, कारण झोप उडते ती त्यानं. कलम २९९ दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्कानं मिळत नाही, न्यायालयाकडे मागावा लागतो. पण शिक्षा जास्तीत जास्त ३ वर्षांची आहे. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नाही, अटकेची गरज लेखी नोंदवायची, एरवी नोटीस द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्णेश कुमार प्रकरणात सांगितलं. तुमच्या भावाला आलेली नोटीस बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५(३) खालची असणार. तारखेला वकिलाला सोबत घेऊन हजर राहा, हजर राहिल्याची पोच घ्या आणि एकही तारीख चुकवू नका. जो नोटीस पाळतो त्याला अटक करायची तर पोलिसांना वेगळी कारणं लिहून ठेवावी लागतात. ठाण्यासमोर जमाव बसला असेल आणि “आजच आत टाका” असा दबाव असेल, तर मात्र नोटिशीवर विसंबू नका. आधी सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करा. फिर्यादी अनुसूचित जाती-जमातीचा असून अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लागलेलं असेल तर अटकपूर्व जामिनाचा रस्ता अरुंद होतो. म्हणून एफआयआरची प्रत हातात आल्याशिवाय काहीही ठरवू नका.

इथेच आकड्यांचा घोळ होतो, म्हणून सांगून ठेवतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ हा अटकपूर्व जामीन झाला आणि रद्द करण्याचा अधिकार कलम ५२८ मध्ये गेला. जुने निकाल वाचताना ४८२ दिसलं की ते आजचं ५२८ समजा. तसंच जुन्या दंड संहितेतलं २९५-अ म्हणजे आजचं २९९, १५३-अ म्हणजे १९६ आणि ५०५(२) म्हणजे ३५३(२).

आता मूळ मुद्दा. कुणाच्या भावना दुखावल्या की नाही, यावर तुमचं प्रकरण अवलंबून नाही. फिर्यादी म्हणतो दुखावल्या, तर दुखावल्या असतील. उच्च न्यायालय त्यात शिरत नाही. एफआयआर आणि मूळ मजकूर जसाच्या तसा खरा धरला, तर त्यातून कलमात सांगितलेला गुन्हा उभा राहतो का, एवढंच तिथं पाहिलं जातं. सर्वोच्च न्यायालयाच्या भजनलाल निकालात गुन्हा रद्द करण्याचे सात प्रसंग सांगितले आहेत आणि पहिला हाच आहे: आरोप खरे धरूनही गुन्हा होत नाही.

२९५-अ हे कलम १९२७ मध्ये दंड संहितेत आलं. १९५७ मध्ये रामजीलाल मोदी प्रकरणात घटनापीठानं ते वैध ठरवलं, पण वैध ठरवतानाच त्याची हद्द आखून दिली. धर्माचा कुठलाही अपमान या कलमात बसत नाही; जाणूनबुजून आणि द्वेषबुद्धीनं, एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावना भडकवण्याच्या हेतूनं केलेला गंभीर स्वरूपाचा अपमानच बसतो. बेसावधपणे, निष्काळजीपणे झालेला अपमान त्यातून बाहेर राहतो. एका मासिकाच्या मुखपृष्ठावर महेंद्रसिंग धोनीला विष्णूच्या रूपात दाखवलं होतं. ते प्रकरण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याच कसोटीवर रद्द केलं. सात दशकं होत आली तरी ही व्याख्या बदललेली नाही, आणि गुन्हा रद्द करण्याच्या तुमच्या अर्जाचा पाया तोच राहील.

भावाची कमेंट या मापानं वाचा. टीका वर्गणीवर आहे, डीजेवर आहे, मंडळाच्या खर्चावर आहे. “कुठला देव पावणार” या प्रश्नात देवाची टिंगल नाही, उलट देवाला हे आवडणार नाही असा सूर आहे. मराठीत ही बोलायची रीतच आहे. आपल्याकडे कीर्तनकार व्यासपीठावरून याहून कडक बोलतात आणि समोरचा श्रोता मान डोलावतो. अर्जात हे स्पष्ट मांडलं पाहिजे, कारण न्यायमूर्तींसमोर बहुतेक वेळा मजकुराचा इंग्रजी तरजुमा जातो आणि त्यात हा सूर हरवतो. माझा आग्रह असतो की मूळ मराठी मजकूर अक्षरशः अर्जात यावा आणि तरजुमा त्याच्या शेजारी असावा.

कलम १९६ तर मला इथे आणखी लंगडं वाटतं. त्यासाठी दोन समूहांत शत्रुत्व वाढवण्याचा प्रयत्न दिसावा लागतो. एकाच समूहाच्या भावना दुखावल्या आणि दुसऱ्या समूहाचा उल्लेखच नसेल तर हे कलम लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये बिलाल अहमद कालू प्रकरणात म्हटलं. भावाच्या कमेंटमध्ये दुसरा समाज कुठे आहे? ३५३(२) साठी खोटी माहिती, अफवा किंवा घबराट पसरवणारी बातमी लागते. भावानं बातमी दिलेली नाही, मत मांडलंय. हे कलम अशा एफआयआरमध्ये सवयीनं चिकटवलं जातं. जुन्या प्रकरणांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ सुद्धा असंच यायचं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली, तिथून निघालेल्या श्रेया सिंघल प्रकरणात ते कलम २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरलं. तुमच्या कागदांत ते दिसलं तर पहिल्या पानावरच लाल खूण करा.

मजकूर कुणाच्या नजरेनं वाचायचा, याचंही उत्तर ठरलेलं आहे. स्वातंत्र्याच्या आधी नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं होतं की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मापानं जोखायचा. प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्या दुबळ्या मनाच्या मापानं नाही. ही कसोटी तेव्हापासून थेट चालत आली आहे. महाराष्ट्रातल्याच एका पुस्तकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये ती वापरली आणि सुटी वाक्यं उचलून हेतू ठरवता येत नाही, लिखाण अखंड वाचावं लागतं, असंही बजावलं. शिलाँगच्या संपादक पॅट्रिशिया मुखीम यांच्या फेसबुक पोस्टचा गुन्हा २०२१ मध्ये रद्द झाला, तिथेही पोस्ट पूर्ण वाचली गेली.

एवढं वाचून “म्हणजे नक्की सुटणार” असं समजू नका. आपल्याच राज्यातल्या दोन व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसचं काय झालं ते बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकानं ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणारं स्टेटस ठेवलं. मुंबई उच्च न्यायालयानं १५३-अ चा गुन्हा रद्द करायला नकार दिला. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला आणि सरकारच्या निर्णयावर टीका करणं हा नागरिकाचा हक्क असल्याचं सांगितलं. याउलट २०२३ मध्ये नागपूर खंडपीठापुढच्या प्रकरणात स्टेटस ठेवणाऱ्यानं एक प्रश्न लिहून तो गुगलवर शोधा, धक्का बसेल, अशा अर्थाचं सुचवलं होतं. शोधणाऱ्याला आक्षेपार्ह मजकूर दिसला. आपला हेतू तसा नव्हता, हा बचाव न्यायालयानं मानला नाही. स्टेटस ओळखीच्या लोकांनी पाहावं म्हणूनच ठेवलं जातं, ते जबाबदारीनं ठेवा, असं म्हणत गुन्हा कायम ठेवला.

फरक कुठे पडला? माझ्या वाचनात, पहिल्यात मत उघड होतं आणि धर्माबद्दल काही नव्हतं. दुसऱ्यात लोकांना एका धर्माबद्दलच्या मजकुराकडे मुद्दाम नेलं होतं. चित्रात फेरफार, देवतेच्या किंवा प्रेषिताच्या नावाला जोडलेली शिवी, सणाच्या दिवशी किंवा गावात तणाव असताना टाकलेली पोस्ट, एकाच समाजाबद्दल महिनोन्‌महिने चाललेलं लिखाण, यातलं काहीही असलं की द्वेषबुद्धी नव्हती हे अर्जाच्या टप्प्यावर पटवणं अवघड जातं. कोण बोलतंय, याचाही विचार होतो. अमिश देवगण प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुन्हा रद्द केला नाही. बोलणाऱ्याचं स्थान आणि पोच यांचाही विचार करायला सांगितला. तुमच्या भावाला फारसे फॉलोअर नसतील तर तेही अर्जात लिहा. त्याच्या प्रोफाइलवर मागे काय काय आहे ते तुमच्या वकिलाला आधी दाखवा, सरकारी वकिलानं दाखवण्याची वाट पाहू नका.

आता एफआयआर कशी वाचायची ते. अशा फिर्यादींचा शेवट जवळजवळ छापील असतो: “सदर पोस्टमुळे माझ्या व समस्त समाजाच्या धार्मिक भावना दुखावल्या आहेत, म्हणून माझी सदर इसमाविरुद्ध कायदेशीर फिर्याद आहे.” त्याच्या वर पाहा. मूळ शब्द दिलेत का, की नुसतंच “आक्षेपार्ह व अश्लाघ्य मजकूर” म्हटलंय? फिर्यादीनं कमेंट स्वतः पाहिली, की कुणीतरी पाठवलेला स्क्रीनशॉट पाहिला? स्क्रीनशॉटमध्ये वरचा व्हिडिओ आणि आधीच्या कमेंट आहेत, की दोन ओळी कापून घेतल्यात? जाणूनबुजून, द्वेषबुद्धीनं, हे शब्द कुठे आहेत, आणि असतील तर त्यांना आधार देणारी एखादी तरी घटना सांगितली आहे का? कलमातले शब्द फिर्यादीत उतरवले म्हणून हेतू सिद्ध होत नाही.

मूळ शब्द एफआयआरमध्ये नसतील तर काही वकील सुचवतात की आपणही ते जोडू नयेत, मोघम फिर्यादीचा फायदा घ्यावा. मला हे पटत नाही. सुनावणीला सरकारी वकील तपासाचे कागद उघडतातच आणि न्यायमूर्ती पहिला प्रश्न विचारतात, “नेमकं लिहिलंय काय?” तेव्हा कापलेला स्क्रीनशॉट त्यांच्या हातात जाण्यापेक्षा पूर्ण धागा, म्हणजे व्हिडिओसह आधीच्या-नंतरच्या सगळ्या कमेंट, आपल्या अर्जात असलेला बरा. आपला मजकूर ज्याला स्वतःहून दाखवता येतो, त्याच्या हेतूबद्दलचं म्हणणं जास्त वजनानं ऐकलं जातं, हे मी पाहत आलोय.

म्हणूनच डिलीट केलेली कमेंट मला सतावते. झालं ते झालं, पण आता फोन फॉरमॅट करू नका, खातं बंद करू नका. त्यावर पुरावा नष्ट केल्याचं न्याय संहितेचं वेगळं कलम २३८ लागू शकतं. फेसबुकमधून खात्याची माहिती डाउनलोड करता येते, तीत आपण केलेल्या कमेंटची नोंद मिळते का ते आजच पाहा. त्या व्हिडिओखालच्या कमेंटचे मित्रांनी काही स्क्रीनशॉट घेतले असतील तर तारीख-वेळेसह गोळा करा. फोन जप्त होत असेल तर पंचनाम्याची प्रत मागा आणि मॉडेल, आयएमईआय क्रमांक, सील या नोंदी बरोबर आहेत ना ते पाहून मगच सही करा.

अर्ज लगेच करायचा की दोषारोपपत्र आल्यावर? इथे वकिलावकिलांत मतभेद आहेत. २०२१ मध्ये नीहारिका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं उच्च न्यायालयांना सांगितलं की तपास सुरुवातीलाच रोखू नका आणि “कठोर कारवाई करू नये” असे आदेश सहजासहजी देऊ नका. सरकार पक्ष प्रत्येक प्रकरणात हाच निकाल पुढे करतो. पण २८ मार्च २०२५ रोजी खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं एका कवितेवरून दाखल झालेला गुन्हा रद्द करताना स्पष्ट केलं की तपास प्राथमिक अवस्थेत आहे एवढ्यावरून हात बांधले जात नाहीत. शब्द वाचूनच गुन्हा होत नसेल तर तेव्हाच हस्तक्षेप करता येतो.

त्याच निकालातला दुसरा भाग तुम्हाला थेट उपयोगी आहे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(३) म्हणतं की ३ वर्षांपासून ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षकांच्या परवानगीनं, एफआयआरपूर्वी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांत पोलिसांनी हा मार्ग वापरणंच योग्य, असं न्यायालयानं म्हटलं. तुमच्या प्रकरणात अशी चौकशी झाली का? फिर्याद आणि एफआयआर एकाच संध्याकाळी झाली असेल तर बहुधा झालेली नाही. हा मुद्दा अर्जात ठळक यायला हवा.

माझी पद्धत अशी आहे. पोस्ट कुणी टाकली याबद्दल वाद नसेल आणि शब्द स्वच्छ असतील तर मी लवकर जातो. खातं हॅक झालं होतं, बनावट प्रोफाइल होतं, फोन दुसऱ्याच्या हातात होता, असा बचाव असेल तर थांबतो, कारण हे वस्तुस्थितीचे वाद उच्च न्यायालय या अर्जात सोडवत नाही. तुमचा भाऊ कमेंट आपलीच असल्याचं मानतो, म्हणून तुमचं प्रकरण पहिल्या गटातलं. बीड जिल्हा औरंगाबाद खंडपीठाकडे येतो, अर्ज तिथेच होईल. पहिल्या तारखेला सरकार आणि फिर्यादी दोघांना नोटीस निघते. काही वेळा तपास चालू राहू द्या, पण न्यायालयाच्या परवानगीशिवाय दोषारोपपत्र दाखल करू नका, असा अंतरिम आदेश मिळतो. नाही मिळाला तरी अर्ज मरत नाही. मध्येच दोषारोपपत्र दाखल झालं तर दुरुस्ती करून त्यालाही आव्हान देता येतं. किती वेळ लागेल, याचं प्रामाणिक उत्तर न्यायालयाच्या बोर्डावर, म्हणजे रोजच्या कामाच्या यादीवर, अवलंबून आहे. काही महिन्यांत लागलेली प्रकरणं मी पाहिलीत, वर्षानुवर्षं पडलेलीही.

दोषारोपपत्र आलंच तर खटला चालवायला सरकारची मंजुरी आहे का ते तपासा. २९९ आणि १९६ साठी राज्य किंवा केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालयाला दखल घेता येत नाही, म्हणजे खटला पुढे नेता येत नाही, हे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१७ सांगतं. एफआयआर नोंदवायला मंजुरी लागत नाही, त्यामुळे तिच्या अभावी आज गुन्हा रद्द होणार नाही. पण मंजुरी नसताना दंडाधिकाऱ्यांनी दखल घेतली तर ती कारवाई टिकत नाही. या गुन्ह्यांना दखल घेण्याची मुदत ३ वर्षांची आहे, मंजुरी मिळवण्यात गेलेला काळ त्यातून वगळतात. उच्च न्यायालयात यश आलं नाही तरी दंडाधिकाऱ्यांसमोर त्याच संहितेच्या कलम २६२ खाली दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालण्याआधीच सोडण्याचा, अर्ज उरतो. कागदपत्रांच्या प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत तो करायचा असतो, हे विसरू नका.

माफीबद्दल. २९९ तडजोडपात्र नाही, त्यामुळे फिर्यादीनं “माझी हरकत नाही” म्हटलं म्हणून गुन्हा आपोआप संपत नाही. २०१२ च्या ग्यानसिंग निकालानुसार तडजोडीवर गुन्हा रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकार वेगळा आहे, पण भावना समाजाच्या आहेत, एकट्या फिर्यादीच्या नाहीत, असा युक्तिवाद सरकार करू शकतं. तरी फिर्यादीचं प्रतिज्ञापत्र मिळालं तर प्रकरण हलकं होतं, यात शंका नाही. गावात शांतता राहावी म्हणून भेटायचं असेल तर दोन जाणत्या माणसांसह भेटा. लिहून देताना शब्द जपा. “माझ्या कमेंटमुळे कुणाला वाईट वाटलं असेल तर दिलगीर आहे, देवाचा अनादर करण्याचा हेतू नव्हता” हे चालतं. “मी जाणूनबुजून देवतेचा अपमान केला, पुन्हा करणार नाही” असं तयार लिहून आणलेल्या कागदावर सही घेतली जाते आणि तोच कागद तपासात हेतूचा पुरावा म्हणून येतो. माफीचा व्हिडिओ काढू देऊ नका. जबरदस्ती झाली तर लगेच पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा.

त्याच कमेंटवरून दुसऱ्या तालुक्यात आणखी गुन्हा दाखल झाला तर वकिलाला त्याच दिवशी सांगा. एकाच कृत्यावरचे अनेक गुन्हे एकत्र करून मागता येतात. आणि भाऊ नोकरीचा किंवा पासपोर्टचा अर्ज भरत असेल तर तिथला प्रश्न नीट वाचून उत्तर द्यायला सांगा. “गुन्हा दाखल आहे का” आणि “न्यायालयात खटला प्रलंबित आहे का” हे दोन वेगळे प्रश्न आहेत. न्यायालयानं दखल घेण्याआधी दुसऱ्याचं खरं उत्तर “नाही” असतं, पहिल्याचं मात्र आजपासूनच “हो”. ते लपवलं तर पुढे गुन्हा रद्द होऊनही पडताळणीत नोकरी जाऊ शकते.

एफआयआरची प्रत, नोटीस, मूळ कमेंटचा मिळेल तेवढा धागा आणि भावाच्या प्रोफाइलची गेल्या वर्षाची पानं, एवढं घेऊन वकिलाकडे जा. वकीलपत्रावर सही करण्याआधी त्यांना ती कमेंट मोठ्यानं वाचायला सांगा आणि त्यांना ती कशी ऐकू येते ते विचारा.